भिक्षा, उपजीविका आणि राजसत्ता



सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरलेल्या साधकास जो नित्यविधी लावून दिला, त्यात अटन, विजन, भिक्षा आणि भोजन ही चार अंगे आहेत. यांपैकी भिक्षा हे अंग वरवर पाहता सर्वांत सोपे वाटते. पोट आहे म्हणून अन्न हवे, अन्न हवे म्हणून झोळी हवी, असा त्याचा सरळ अर्थ केला जातो. परंतु केवळ पोटाचाच प्रश्न असता, तर एखाद्या सधन वासनिकाच्या घरी रोजचे ताट लावून घेणे अधिक सोयीचे झाले असते. स्वामींनी ते सांगितले नाही. चारी वर्णांच्या दारी जावे, थोडे थोडे घ्यावे आणि कोणत्याही एका घराशी सलगी वाढवू नये, असा भिक्षेचा विधी आहे.

याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. अनोळखी दारात उभे राहिल्याने अहंता गळते, आणि सर्व वर्णांचे अन्न घेतल्याने विटाळाची कल्पना झडते. दुसऱ्या कारणाचा विचार मात्र कमी होतो. जो एकट्याने पोसतो, त्याच्यापुढे पोसला जाणाऱ्याची वाणी नकळत लवते. ज्याचे अन्न वीस घरांतून येते, त्याला त्यांतल्या कोणत्याही घरी अप्रिय सत्य सांगता येते. एक दार मिटले तरी एकोणीस उरतात. भिक्षा ही साधकाची दीनता आहेच, शिवाय ती त्याची स्वतंत्रताही आहे.

यादवकाळाकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. महादेवराय आणि रामदेवराय यांच्या दरबारी हेमाद्री श्रीकरणाधिप होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांचा अफाट संग्रह आहे. त्याची विद्वत्ता कमी लेखण्याचे कारण नाही. पंथाशी त्याचे वैर होते म्हणून त्याचे पांडित्य नाकारणे न्यायाचे होणार नाही. परंतु त्या धर्माची रचना अशी की प्रत्येक पुण्याला दान जोडलेले, दानाला दाता हवा, आणि सर्वांत मोठा दाता म्हणजे राजा. अशा व्यवस्थेत धर्म आणि भांडार एकमेकांना बांधले जातात. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी करून अपार संपत्ती नेली आणि पुढे ते राज्यही उरले नाही. जे जे त्या भांडारावर उभे होते ते डळमळले. नागदेवाचार्यांच्या परिवाराची झोळी भांडारावर अवलंबून नव्हती. ज्याच्यापाशी घेण्यासारखे काही नाही, त्याची जप्ती कोण करणार?

आता आधुनिक राजसत्तेकडे वळावे. मुंबई राज्याने १९५९ मध्ये भिक्षा प्रतिबंधक अधिनियम केला. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे, तसेच भिक्षेसाठी खाजगी जागेत शिरणे, ही दोन्ही त्यात ‘भीक मागणे’ या व्याख्येत येतात. पकडलेल्यास प्रथम एक ते तीन वर्षे संस्थेत अडकवून ठेवण्याची तरतूद त्यात करण्यात आली. विधिकर्त्यांच्या मनात साधुसंन्यासी होते असे म्हणता येत नाही. शहरांतील निराधारांचे दृश्य त्यांना नकोसे झाले होते. परंतु शब्द असे व्यापक पडले की झोळी घेऊन दारी उभा राहणारा भिक्षुकही त्यांच्या कक्षेत येऊ शकतो.

या अधिनियमात एक बारकावा मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. खाजगी जागेत भिक्षेसाठी आलेल्या माणसाला, त्या जागेच्या भोगवटादाराने तक्रार केल्यावाचून, अटक करता येत नाही. म्हणजे कायद्यानेही अखेर निर्णय उंबरठ्यावरच्या गृहस्थावर सोपविला. त्याने ‘दंडवत’ म्हणून मूठभर अन्न घातले तर शिपायाला तेथे काम उरत नाही. रस्त्यावरच्या निराधाराला एवढेही संरक्षण नाही, आणि याची खंत भिक्षा हा विधी मानणाऱ्यांना सर्वांआधी वाटली पाहिजे. हाच अधिनियम दिल्लीतही लागू करण्यात आला होता. तेथील उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी त्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. दारिद्र्य हा गुन्हा नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सिग्नलवरील भिक्षेकऱ्यांना हटविण्याचा आदेश देण्यास नकार देताना, माणसाला भीक मागावी लागते ती दारिद्र्यामुळे, याकडे लक्ष वेधले.

येथे कोणी विचारील की स्वेच्छेने मागणारा आणि नाइलाजाने मागणारा यांना एका मापाने कसे मोजावे? मोजू नयेच. साधकाने संसार सोडून झोळी घेतली; निराधाराचा संसारच त्याला सोडून गेला. दात्याच्या ठिकाणी मात्र भेद नाही. जीव दोहोंकडे एकच आहे, आणि भूकही.

संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे व प्रसाराचे स्वातंत्र्य दिले. त्याच अनुच्छेदाने धर्माचरणाशी निगडित आर्थिक, वित्तीय व राजकीय व्यवहारांचे नियमन करण्याचा अधिकार शासनाकडे ठेवला. या रेषेवर अनेक मठ व न्यास अडखळले आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाविरुद्ध एका जैन न्यासाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९५४ मध्ये न्यायालयाने हिशेब, तपासणी, नोंदणी या गोष्टी मान्य ठेवल्या; पण धर्मार्थ ठेवलेला पैसा अधिकाऱ्याच्या मर्जीने दुसऱ्याच कामाकडे वळविणे मान्य केले नाही. हा भेद योग्यच आहे. काही आश्रमांत हिशेब मागितला की श्रद्धेवर आघात झाल्याची भाषा ऐकू येते. ज्याने संग्रह केला त्याने संग्रहाचा हिशेब द्यावा. हिशेब नको असेल त्याला झोळीचा मार्ग मोकळा आहे.

वासनिकाची गोष्ट वेगळी. त्याला शेत, दुकान, नोकरी आहे. ती असावी, कारण तो कमावतो म्हणून झोळीत घास पडतो. अनुच्छेद १९ (१)(छ) त्याला कोणताही व्यवसाय करण्याची मुभा देतो. परंतु कायद्याने जे करता येते ते सर्व उपदेशी माणसाला करता येते असे नाही. मद्य आणि मांस वर्ज्य मानणाऱ्याने त्यांच्याच व्यापारातून पैसा मिळवावा आणि त्यातला वाटा उपहारास लावावा, हे कसे जुळणार? अशा वेळी स्थळावर देणग्यांचे फलक लावणाऱ्यांनी नावापुढचा आकडा पाहण्याआधी तो आकडा कोठून आला हे विचारले पाहिजे. हे विचारणे अवघड आहे. आणि ज्याला एकाच मोठ्या दात्यावर उत्सव पार पाडावयाचा आहे, त्याला ते अशक्यच होते.

निवडणुकीच्या दिवसांत हीच अडचण वेगळ्या रूपाने आश्रमाच्या दारी येते. धर्माच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये भ्रष्टाचार ठरतो. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने त्याचा अर्थ आणखी विस्तृत केला, आणि उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माचा आधार घेणेही त्यात आणले. मतदान करणे हा वासनिकाचा अधिकार आहे. पण सभामंडपाच्या बांधकामाचे आश्वासन घेऊन उमेदवार आला आणि महंतांनी त्याच्या गळ्यात हार घातला, तर त्या मंडपात पुढे बसणाऱ्या दुसऱ्या पक्षाच्या वासनिकाला निरूपण ऐकताना काय वाटेल, याचा विचार त्या हाराआधी व्हावयास हवा. मंडप नसला तरी निरूपण होते. स्वामींची पुष्कळ निरूपणे झाडाखाली आणि नदीकाठी झाली आहेत.