खोडदची जाळी



करायचे तर अगदी निर्दोष करायचे, नाही तर करायचेच नाही, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मुलाला ९२ टक्के गुण मिळाले, तर आपण उरलेले आठ कुठे गेले ते विचारतो. सूर चुकेल या भीतीने आपण गायनवृंदात उभे राहत नाही. घर नीट आवरलेले नाही म्हणून पाहुण्यांना बोलावणे पुढे ढकलतो. यात वाईट काय, असा प्रश्न कोणी विचारील.

त्याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे मोठी रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभारली. तिच्या ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. तबकडी जवळून पाहिली तर ती सलग पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची आहे. तिचा खोलगट आकारही जाळीचे सपाट तुकडे ताणून साधलेला आहे. म्हणजे ती ना सलग आहे, ना पूर्ण गुळगुळीत.

तरीही ती आपले काम चोख करते. तिला ज्या रेडिओ लहरी टिपायच्या असतात, त्यांची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असते. एक-दोन सेंटिमीटरच्या भोकांनी त्यांना फरक पडत नाही. उलट त्या भोकांतून वारा निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्चही कमी होतो. सलग पत्र्याचाच हट्ट धरला असता, तर एवढ्या मोठ्या ३० तबकड्या उभारणे फार अवघड झाले असते.

मग काम कसेही केले तरी चालेल का? मुळीच नाही. ती भोके निष्काळजीपणाची नाहीत. कुठे किती अचूकता हवी, हे आधी मोजून ठरवलेले आहे. आपल्यालाही तेच ठरवायचे आहे. औषधाची मात्रा चुकता कामा नये. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब चोखच हवा. पण भाकरीची कड फाटली म्हणून जेवण बिघडत नाही.

हा भेद आपण विसरलो की त्रास घरच्यांना होतो. ज्या घरात चुकीला क्षमा नसते, तिथेही चुका होतातच, फक्त त्या लपवल्या जातात. मूल प्रगतिपुस्तक दाखवायला घाबरते. सून काही विचारायला कचरते. आपणही स्वतःला सतत दोष देत राहतो आणि हाती घेतलेले चांगले काम अर्ध्यावर सोडतो.

म्हणून या आठवड्यात मुलाने गुणपत्रिका पुढे केली, तर आधी मिळालेल्या गुणांबद्दल बोलू या. राहिलेल्या गुणांचे नंतर पाहता येईल. आणि पुरेसे चांगले जमत नाही म्हणून थांबवलेले एखादे काम, जमेल तसे, पुन्हा सुरू करू या.