शंखनादात बुडालेला शब्द

२०१६ साली आलेल्या ‘फॅन’ या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत एक गाणं होतं. प्रत्यक्ष चित्रपटात ते नव्हतं. महाराष्ट्रातल्या एका प्रेक्षकाने ग्राहक म्हणून दाद मागितली. राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती कायम ठेवली. पण एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निर्णय रद्द केले. ट्रेलर हा निर्मात्याचा एकतर्फी संवाद आहे, तो करारासाठीचा प्रस्ताव नव्हे, त्यामुळे त्यातलं दृश्य किंवा गाणं चित्रपटात नसणं ही सेवेतली त्रुटी ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय. कायद्याच्या अंगाने हे पटण्यासारखं आहे. पण करार नव्हता म्हणजे असत्यही नव्हतं, असं म्हणता येत नाही. ट्रेलर खोटं बोलू शकतो का, आणि बोलत असेल तर ते खोटं नेमकं कुठे असतं, हा प्रश्न नीतीचा आहे आणि तो उरतोच. माझ्या मते ट्रेलरचं सत्य दृश्यांवर ठरत नाही, रसावर ठरतं. हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते मारधाडीच्या विनोदी चित्रपटांत.

या प्रकारच्या ट्रेलरचे संकेत एव्हाना ठरून गेले आहेत. सुरुवात गंभीर असते: रात्रीचं शहर, भारदस्त आवाज, कुणाच्या तरी जिवावर बेतलेलं संकट. मग संगीत मध्येच तुटतं आणि त्या शांततेत एखादं पात्र अगदी घरगुती वाक्य बोलून जातं. त्यानंतर ओळखीचं गाणं सुरू होतं आणि प्रत्येक ठोसा, प्रत्येक गोळी त्याच्या ठेक्यावर पडू लागते. ‘रश अवर’मधल्या (१९९८) जॅकी चॅन आणि ख्रिस टकर यांच्यासारखी एकमेकांशी मुळीच न पटणारी जोडी असते, आणि चित्रपटाचं नाव येऊन गेल्यावर शेवटचा एक विनोद. यातला प्रत्येक संकेत एकच काम करतो: वेदना बाजूला काढतो. ठोसा तालावर पडला की तो संगीताचा भाग होतो. माणूस कोसळताच दृश्य बदललं की त्याचं विव्हळणं आपल्यापर्यंत येत नाही. साहित्यशास्त्राने करुण हा हास्याचा विरोधी रस मानला आहे, तो याचसाठी. दुसऱ्याचं दुःख जाणवू लागलं की हसू थांबतं. म्हणून हा ट्रेलर कथेबद्दल फारसं काही सांगतच नाही. तो सांगतो, इथे मार बसेल पण लागणार नाही. तुम्ही निर्धास्त हसा.

आता हे आश्वासन मोडतं कसं ते पाहू. महाभारतात युधिष्ठिर द्रोणाचार्यांना अश्वत्थामा मारला गेल्याचं सांगतो. अश्वत्थामा हा द्रोणांचा मुलगा, पण मेला होता तो त्याच नावाचा हत्ती, म्हणजे शब्द खरे होते. पण लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत ‘हत्ती’ हा शब्द शंखांच्या आवाजात बुडतो आणि द्रोण शस्त्र खाली ठेवतात. ‘सुइसाइड स्क्वॉड’चा जानेवारी २०१६चा ट्रेलर याच जातीचा होता. ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याच्या ठेक्यावर मारामारी बेतलेली, सगळं रंगीत आणि खुसखुशीत. दिग्दर्शक डेव्हिड एअर यांच्या मनातला चित्रपट मात्र गंभीर होता; त्याला विनोदी रूप दिलं गेलं, ही खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. तिथे गाण्याने शंखाचं काम केलं. उलट हिचकॉक यांच्या ‘सायको’चा (१९६०) ट्रेलर घ्या. त्यात न्हाणीघरात किंचाळणारी स्त्री चित्रपटात त्या प्रसंगी दिसणारी जॅनेट ली नाही, व्हेरा माइल्स आहे. चित्रपटात तिच्यावर हा प्रसंग येतच नाही. वस्तुस्थिती म्हणून ते दृश्य खोटं आहे, पण त्याने कबूल केलेली भीती प्रेक्षकाला पुरेपूर मिळते. त्यामुळे फसवणूक झाली असं कुणाला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ट्रेलर ही जाहिरात आहे आणि जाहिरात वाढवून सांगते हे सगळ्यांना ठाऊक असतं. भरताच्या नाट्यशास्त्रातही प्रयोगाआधी ‘प्ररोचना’ आहेच. नाटकाची वाखाणणी करून प्रेक्षकांचं मन तिकडे वळवायचं. हे मान्य. पण वाढवून सांगणं वेगळं आणि जात बदलून सांगणं वेगळं. आंबेवाला ‘साखरेसारखा गोड’ म्हणाला तर आपण ते कानाआड करतो. हापूसच्या पेटीत दुसराच आंबा निघाला तर मात्र ती लबाडी ठरते. रस ही चित्रपटाची जात आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चांगला चित्रपट हसवता हसवता रडवतो. ट्रेलरने रस आधीच बांधून टाकला तर कलेला मोकळीक कुठे उरते? याचं उत्तर आनंदवर्धनांच्या ‘ध्वन्यालोका’त सापडतं. एका कृतीत अनेक रस, अगदी परस्परविरोधी रससुद्धा, नांदू शकतात. मात्र एक अंगी म्हणजे प्रधान असावा आणि बाकीचे त्याची अंगं होऊन यावेत. ट्रेलरकडून तेवढंच मागायचं आहे. करुणाचा झटका त्याने खुशाल लपवावा, पण अंगी रस लपवू नये.

एवढा आग्रह धरायचा कारण इथे पैशांपेक्षा मोठी गोष्ट पणाला लागलेली असते. माणसाला मार बसताना पाहून हसणं ही साधी गोष्ट नाही. या मारामागे दुःख नाही अशी खात्री दिली गेली, तरच सहृदय माणूस आपली दया थोडा वेळ बाजूला ठेवतो. ही खात्री खोटी निघाली तर त्याच्या खिशाआधी त्याचा विवेक फसवला जातो: ज्यावर तो एरवी हसला नसता, त्यावर त्याला हसवलं गेलं. द्रोणांनीही शस्त्र ठेवलं होतं ते युधिष्ठिराच्या शब्दावर विसंबून. तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी मातीला टेकला, असं महाभारत सांगतं. शब्द खरा होता, ही सबब त्या रथाला सावरू शकली नाही.