शिलोहचा बुरूज आणि आमचे वळण

रस्त्यावरील अपघातात कुणी तरुण गेला की अंत्यविधीला जमलेल्यांच्या तोंडून एक उद्गार निघतोच : ‘देवाची इच्छा!’ कोसळलेल्या आईसमोर दुसरे काय बोलावे हे सुचत नाही म्हणून तो निघतो. त्यामागील कळवळ्याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु त्याच वळणावर काही महिन्यांनी दुसरा आणि मग तिसरा जीव जातो, तेव्हाही हेच म्हणावे काय? परमेश्वराची इच्छा एखाद्या वळणाला इतकी बांधलेली असते, असे आमची श्रद्धा आम्हांला शिकवीत नाही.

राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडविणारे पाच अपघात झाले, अथवा दहा माणसे दगावली, तर शासनदरबारी त्या जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. या रुक्ष व्याख्येत मोठा नैतिक प्रश्न दडला आहे. अकस्मात घडणाऱ्या गोष्टीला ठावठिकाणा नसतो. येथे तर ठिकाण नकाशावर दाखविता येते. (ते ठिकाण धोक्याचे ठरण्यासाठी आधी माणसे मोजावी लागतात, हे त्याहून खेदजनक.)

वसईच्या पूर्वेकडून मुंबई–अहमदाबाद महामार्ग जातो, आणि पश्चिमेकडील आमच्या वाड्यांतून वळणावळणांचे अरुंद रस्ते. केळीची लोंगरे आणि भाजीच्या पाट्या बैलगाडीतून नेण्यापुरत्या असलेल्या वाटांवरून आज टँकर, रिक्षा आणि मोटारसायकली धावतात. कुंपणाच्या भिंतीमुळे पलीकडचे दिसत नाही, तेथून शाळेची पोरे चालत जातात. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळेतले भौतिकशास्त्र त्या वळणालाही लागू आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा याच महामार्गावर, पालघर जिल्ह्यातील चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर अंत झाला. तीन मार्गिकांचा रस्ता पुलापाशी दोन मार्गिकांचा होतो, याची तेव्हा देशभर चर्चा झाली. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता, याचीही झाली. त्या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली. त्यांत दुचाकीवरचे आणि पायी चालणारे मिळून निम्म्याहून बरेच अधिक होते. त्यांच्या वळणांची चर्चा कुणी केली?

संत लूकच्या शुभवर्तमानात शिलोह येथील बुरुजाचा उल्लेख आहे. तो कोसळून अठरा माणसे चिरडली गेली. ती इतर यरुशलेमकरांहून अधिक पापी होती काय, असा सवाल प्रभू येशूने स्वतःच केला आणि ‘नाही’ असे त्याचे उत्तरही दिले. मेलेल्यांच्या माथी दोष मारण्याची वाट त्याने बंद केली; पश्चात्तापाची हाक दिली ती मात्र जिवंत असलेल्यांना. आम्ही नेमके उलटे करतो. ‘वेगात होता’, ‘हेल्मेट नव्हते’ असे म्हणून मृताचा निवाडा करतो आणि बुरूज तसाच ठेवून घरी परततो.

जुन्या करारातील अनुवादाचे पुस्तक याहून व्यावहारिक आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कुणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा तेथे नियम आहे. पडणारा बेसावध होता काय, याची चौकशी तो नियम करीत नाही. माणूस कधीतरी तोल चुकणारच, हे गृहीत धरून कठडा बांधायचा असतो. १९९७ साली स्वीडनच्या संसदेने रस्त्यांबाबत हेच तत्त्व स्वीकारले : माणसाच्या हातून चूक होईल, पण तिची शिक्षा मरण असू नये, असा रस्ता बांधणे हे बांधणाऱ्याचे काम. मानवी दुर्बलता हा आमच्या धर्मशिक्षणातील किती जुना धडा! तो रस्त्याच्या आराखड्यात उतरावा, हे मात्र आम्हांला सुचले नाही.

यावर कुणी म्हणेल, दोष रस्त्याचा ठरला की वाहन हाकणारा सुटला. तसे नाही. संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन येथे उपयोगी पडते. रास्त काम योग्य ती दक्षता घेऊन करतानाही कुणाचा जीव गेला तर करणारा दोषी नव्हे. दक्षता न घेता केले तर तो सुटत नाही. ही कसोटी कुणा एकापुरती नाही. खोदलेल्या खड्ड्यापाशी रात्री दिवा न ठेवणारा कंत्राटदार, आराखड्यावर सही करणारा अभियंता, उलट्या दिशेने गाडी घालणारा चालक, सगळेच तिच्याखाली येतात. दोष अनेकांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडाथोडा येतो, असा हिशेब आपण मनाशी मांडतो. प्रत्यक्षात जो तो आपल्या निष्काळजीपणाबद्दल पुरता जबाबदार असतो.

आणि आपली कुटुंबे? दहावी पास झाला म्हणून मुलाच्या हाती किल्ली देणारा बाप, लग्नाच्या मांडवात पाहुण्याला आग्रहाने आणखी एक पेला पाजून मग ‘सांभाळून जा हं’ म्हणणारा यजमान, यांनाही ती कसोटी चुकत नाही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. कायद्याच्या कितीतरी आधी, १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने मद्याच्या अमलाखाली किंवा वेगाच्या हव्यासापोटी स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष ठरविला होता. पापनिवेदनाच्या वेळी ही गोष्ट किती जणांना आठवते, कोण जाणे.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची आठवण करतो. त्याच महिन्यातील तिसरा रविवार संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ सालापासून रस्त्यावरील अपघातबळींच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. धर्मग्रामात त्या दिवशी मृतांच्या नावांबरोबर ती जागाही वाचली जावी, असे आम्हांला वाटते : अमुक फाटा, तमुक वळण, शाळेसमोरचा नाका. मिस्सेनंतर त्याच कागदावर सह्या घेऊन तो महानगरपालिकेकडे व वाहतूक पोलिसांकडे पाठविता येईल, आणि पुढच्या नोव्हेंबरात त्यांतील कोणती जागा सुधारली, तेही वाचता येईल.