पाय बळकट कशासाठी?

मुलाचं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. परवा तो गावाला गेला म्हणून मी गल्ल्यावर बसले होते. ओळखीची एक बाई आली. "काकू, लाव्ह्यांची पिल्लं लंगडायला लागलीत. कॅल्शियमची पावडर द्या."

हे जपानी लावे. पाचेक आठवड्यांत विक्रीला जातात. मादी सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते. इतक्या झपाट्यानं वाढणाऱ्या जिवाला कॅल्शियम, फॉस्फरस नि ड-३ जीवनसत्त्व कमी पडलं की हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. अंड्याच्या कवचासाठी तर मादी स्वतःच्या हाडांतलंही कॅल्शियम काढते.

माझा हात अडखळला. हिंसा करणं, करवणं आणि तिला अनुमोदन देणं, तिन्हींचा दोष लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पावडर दिली तर पक्षी धडधाकट होऊन कापायलाच जाणार. पण अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोधही आहे. पिंजऱ्यातला जीव स्वतः काही टिपून खाऊ शकत नाही. त्याला हवं ते हाताशी असून मी नाही म्हणायचं?

मी पुडा दिला. रात्री मुलाला म्हटलं, "त्या पुड्याचा नफा घरात आणू नकोस."

तो म्हणाला, "आई, मग बाकीच्या पुड्यांचं काय?"

मी गप्प झाले. त्या पाच अतिचारांत पहिला आहे बंध, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. दुखऱ्या पायाला औषध दिलं, ते बरंच केलं. पण त्या पिंजऱ्यावर माझी चूलही थोडी पेटते, हे मला त्या दिवशी कळलं. बायांनो, तुम्ही कधी आपल्या चुलीचा असा हिशेब केलाय?