वेळ आली नव्हती

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,’ असे आपण सहज म्हणून जातो. या म्हणीत सुटकेचा आनंद आहे, परमेश्वराच्या कृपेची जाणीवही आहे. परंतु काळ कोणत्या वाटेने आला होता, हे विचारण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. ती न घेणे हा केवळ विसराळूपणा की नैतिक दोष, असा प्रश्न आम्हांस पडला आहे.

त्याला कारण घडले. सणापूर्वी आमच्या चर्चच्या दर्शनी भिंतीला रंग देण्याचे काम चालले होते. बांबूच्या परांचीवरील एक फळी एकाएकी सटकली. रंगाऱ्याने उभा बांबू मिठीत धरला म्हणून तो वाचला; रंगाचा डबा तेवढा खाली आदळला. आम्ही सायंकाळच्या मिस्सेत देवाचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो, तीच फळी त्याच कुजक्या दोरीने बांधून काम सुरू! विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “फादर, ती गाठ परवाही सुटली होती.” मग सांगितले का नाही? त्याच आठवड्यात खिडकीची काच फोडणाऱ्या त्याच्या जोडीदारास आम्ही सर्वांदेखत फैलावर घेतले होते. आपलाही रोज बुडेल, ही त्याला भीती. त्याच्या मौनाला जबाबदार आम्हीच होतो.

टळलेल्या अपघाताची वार्ता योग्य त्या कानी न पोहोचल्यास काय होते, याची साक्ष विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टननजीकच्या डलेस विमानतळाकडे येणारे टी.डब्ल्यू.ए. कंपनीचे विमान व्हर्जिनियातील डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ लावताना घोटाळा होऊन विमान फार लवकर खाली आले होते. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान अशाच गैरसमजामुळे त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले; इतरांपर्यंत मात्र तो इशारा पोहोचला नाही.

पुढे १९७६ मध्ये तेथे नवी व्यवस्था सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक कळवायची ती नियामक संस्थेस नव्हे, तर नासा या संस्थेस. नासाने नावनिशाणी पुसून त्यातील बोध सर्वांना द्यायचा. अजाणता घडलेली चूक दहा दिवसांत कळवणाऱ्यास सहसा दंडातून सूट मिळते. गुन्ह्याला मात्र हे कवच नाही.

पापनिवेदनाच्या गुप्ततेशी परिचित असलेल्या आम्हांस यात काही ओळखीचे दिसते. भय असते तेथे सत्य तोंड उघडत नाही. अशाने बेफिकिरांचे फावेल, असे कोणी म्हणेल. परंतु प्रायश्चित्त संस्कारातही निवेदनाबरोबर सुधारण्याचा दृढनिश्चय लागतोच. सांगणाऱ्यास क्षमा असावी. दोरी मात्र बदललीच पाहिजे. कुजकी आहे हे कळल्यावरही तीच दोरी बांधणारा आणि बांधू देणारा, दोघेही अजाण राहत नाहीत.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा प्रभू येशूने मृतांची पापे मोजण्यास नकार दिला; ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले आणि लागलीच निष्फळ अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला. संत लूकच्या तेराव्या अध्यायात हे दोन्ही एकापाठोपाठ येतात. त्या झाडासाठी माळी आणखी एक वर्ष मागतो. पण ते वर्ष तो हातावर हात ठेवून घालवणार नसतो, भोवती खणून खत घालणार असतो. टळलेला अपघात म्हणजे असेच पदरी पडलेले वर्ष होय. त्याबद्दल नुसते आभार मानून कुदळ न उचलणे म्हणजे कृपेचा अव्हेर करणे.

त्या दिवशी आम्ही काम थांबवले, नवी दोरी आणवली आणि काच फोडणाऱ्या मुलाची सर्वांदेखत क्षमा मागितली. दोन दिवसांनी तोच मुलगा आपणहून सांगत आला, “फादर, शिडीची एक पायरी हलतेय.” आम्ही पुन्हा देवाचे आभार मानले, मात्र या वेळी, शिडी दुरुस्त करून घेतल्यावर.