नवशिक्याचा प्रश्न

एखाद्या विषयांतलें ज्याला कांहींच कळत नाहीं, त्यानें त्या विषयांत प्रश्न विचारावा, ह्याहून सोपी गोष्ट दुसरी नसेल असें वरवर पाहणारास वाटतें. अनुभव मात्र ह्याच्या उलट आहे. प्रश्न विचारण्यासाठीं मनुष्याला थोडेंबहुत ज्ञान अगोदरच असावें लागतें. निदान आपणांस काय ठाऊक नाहीं, एवढें तरी ठाऊक असावें लागतें. प्लेटोच्या ‘मेनो’ ह्या संवादांत हाच पेंच घातलेला आहे. जें ठाऊक आहे तें शोधण्याचें कारण नाहीं, आणि जें ठाऊक नाहीं तें शोधावयाचें तरी कसें? पंचवीस-तीस वर्षें मी हा पेंच वर्गांत शिकवीत आलों. त्याचा खरा अर्थ मात्र मला गेल्या उन्हाळ्यांत, नाशकांतल्या माझ्याच घरीं, एका खेळण्यानें शिकविला.

म्हणावयाचें तर तें खेळणें. वस्तुतः तो एक पुरता संगणक आहे. अमेरिकेंत नोकरीस असलेला माझा भाचा सुट्टींत आला होता. “मामा, तुम्हांला पटावरच्या लढाया आवडतात, आतां ह्यावर खेळून पाहा,” असें म्हणून त्यानें जातांना एक न उघडलेली पेटी माझ्या हातीं दिली. आंत ‘स्टीम डेक’ नांवाचें यंत्र होतें. वॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीनें तें २०२२ सालीं बाजारांत आणलें. मधोमध सुमारें सात इंचांचा पडदा, दोहों बाजूंस बटणें आणि अंगठ्यानें फिरवावयाच्या लहान काड्या; दोन्ही हातांत धरून वापरावयाचें.

मीं बटण दाबलें. पडदा काळाच. पुन्हा दाबलें, बराच वेळ दाबून धरलें, यंत्र ढिम्म. इतक्यांत माझ्या धाकट्या भावाचा तेरा वर्षांचा मुलगा शेजारीं येऊन बसला.

“बिघडलेलं दिसतंय,” मी म्हणालों.

“काका, आधीं चार्जर लावा. नवं असतांना त्याशिवाय तें जागं होत नाहीं.”

चार्जर लावल्यावर पडदा उजळला, आणि मग माझ्या प्रश्नांची रांगच लागली. स्वतःला अद्ययावत करतांना यंत्र मध्येंच बंद होऊन पुन्हा सुरू होतें, हें ठीक आहे ना? खेळ मेमरी कार्डावर ठेवतां येतील काय? माझा जुना खेळ ‘विंडोज’साठीं केलेला आहे, ह्या यंत्रांत तर विंडोज नाहीं, मग तो चालेल कसा? ह्या यंत्राची कार्यप्रणाली लिनक्सवर उभारलेली आहे, आणि लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें केला, हें मीं मागाहून वाचलें. विंडोजच्या भाषेंत खेळ जें कांहीं मागतो, तें लिनक्सला समजेल अशा रीतीनें उतरवून देणारी ‘प्रोटॉन’ नांवाची योजना मध्यें असते. मुलानें एवढेंच सांगितलें, “आंत एक दुभाषी बसलाय, काका.” ह्याहून चांगलें विवरण मला करतां आलें नसतें.

पुढें एके दिवशीं ‘डेस्कटॉप’च्या रीतीनें यंत्र चालवून मला कांहीं अक्षरें लिहावयाचीं होतीं, आणि कीबोर्ड कोठेंच दिसेना. अर्धा तास झगडून मी शरण गेलों. “स्टीमचं बटण आणि एक्स एकत्र दाबा,” तो म्हणाला, आणि क्षणभर थांबून पुढें म्हणाला, “मित्राकडे मलाही पहिल्यांदां सांपडलं नव्हतं.”

उत्तर पहिल्या वाक्यांतच पुरें झालें होतें. तरी माझी लाज गेली ती दुसऱ्या वाक्यानें. त्या रात्रीं मला मेनोचा पेंच निराळा दिसूं लागला. नवशिक्याचा प्रश्न नेहमीं अर्धवट असतो. यंत्र बिघडलें असें मी म्हणालों. मला विचारावयाचें होतें तें हें, कीं पहिल्या वेळीं काय करावें लागतें? पण तो प्रश्न रचण्याइतकें ज्ञान मजपाशीं नव्हतें. मुलानें माझा चुकीचा प्रश्न मनांतल्या मनांत दुरुस्त केला आणि दुरुस्त प्रश्नाचें उत्तर दिलें. हा पेंच एकट्यानें सुटत नाहीं. तो दोघांनीं मिळून सोडवावा लागतो. विचारणारानें धैर्य आणावें, आणि सांगणारानें आपल्या पूर्वीच्या अज्ञानाची आठवण ठेवावी.

ही आठवण मीं ठेवली नव्हती, हें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. वीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. तर्कशास्त्राचा पहिला तास होता. पेठ तालुक्यांतल्या एका खेड्याहून आलेला एक विद्यार्थी मागच्या बांकावरून उठला आणि म्हणाला, “सर, तर्क म्हणजे अंदाजच ना?” वर्ग हंसला. मीही हंसलों, आणि त्याच्या प्रश्नावर एक चुरचुरीत कोटी केली. तो खालीं बसला. त्या वर्षीं त्यानें पुन्हा एकही प्रश्न विचारला नाहीं. पुढच्या वर्षीं तो वर्गांत नव्हता. त्याच्या जाण्याचें कारण माझी कोटीच होती असें मी म्हणत नाहीं; तें मला कधीं कळलें नाहीं, कारण मीं कधीं विचारलेंही नाहीं.

आणि प्रश्न तरी किती मार्मिक होता! व्यवहारांतल्या मराठींत तर्क म्हणजे अंदाजच. शिवाय आमच्या न्यायदर्शनांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत तर्काला प्रमाणांत न घालतां निराळें स्थान दिलें आहे, आणि प्रमाणाला साह्य करणें हें त्याचें काम मानिलें आहे. त्या मुलाचें बोट नेमकें ह्या भेदावर पडलें होतें. त्याच सोळांत संशय हा तिसरा पदार्थ आहे; म्हणजे प्राचीन नैयायिकांनीं शंकेला प्रमाण आणि प्रमेय ह्यांच्या लगोलग बसविलें, आणि मीं तिला हंशांत उडविलें.

लहानपणीं गोदेच्या घाटावर पाठीला डबा बांधून आम्ही पोहणें शिकलों. घाबरून रडणाऱ्या पोराला ‘तुला पोहतां येत नाहीं’ असें कोणी हिणवीत नसे. येत नाहीं म्हणूनच तर तो पाण्यांत उतरलेला असे. विद्येच्या घाटावर आम्ही पंडित मात्र हें विसरतों.

कोणी म्हणेल, सगळेच प्रश्न कांहीं अज्ञानांतून येत नाहींत. पुष्कळसे आळसांतून येतात. पेटींतली पुस्तिका न वाचतां दुसऱ्याचा वेळ खाणाराचेंही कौतुक करावयाचें काय? हा आक्षेप खोटा नाहीं. विचारणारानें आधीं चार पावलें स्वतः चालावें आणि आपण कोठवर आलों हें सांगावें, हा त्याचा धर्मच आहे. परंतु आळशाचा प्रश्न आणि अजाणाचा प्रश्न बाहेरून सारखेच दिसतात, आणि पारख चुकली तर दोन्हीकडचें नुकसान सारखें नसतें. आळशाला उत्तर दिलें तर आपलीं दोन मिनिटें जातात. अजाणाला हंसलें तर त्याचें दार कदाचित् कायमचें बंद होतें. जेथें पारख होत नाहीं, तेथें दोन मिनिटें घालविणेंच न्यायाचें.

त्या यंत्रावरच्या दुकानांत खेळांवर चारांपैकीं एक खूण असते: नीट चालतो, थोड्या खटपटीनें चालतो, चालत नाहीं, आणि अद्याप तपासलेला नाहीं. शेवटची खूण पाहून मीं एक खेळ बाजूस सारला, तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, चालत नाहीं असं कुठं म्हटलंय? अजून तपासला नाहीं, एवढंच.” तो खेळ उतरवून घेतला, तो उत्तम चालला.

मागच्या बांकावरच्या त्या मुलावर मीं पहिल्याच तासाला तिसरी खूण उमटविली होती. वस्तुतः त्याला चौथी लागू होती, आणि तपासण्याचें काम माझें होतें. यंदा वर्ग भरले तेव्हां पहिल्या दिवशीं मीं मुलांना ही हकीकत नांवगांव न सांगतां सांगितली आणि मग विचारलें, “तर्क म्हणजे काय असं तुम्हांला वाटतं?” बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मागून एक मुलगी चांचरत म्हणाली, “अंदाज?” ह्या वेळीं कोणी हंसलें नाहीं. “ठीक,” मी म्हणालों, “येथूनच आरंभ करूं.”