कमरेएवढं रान

माघातली पहाट. कसाऱ्याच्या वरच्या अंगाला घाटाच्या उतारावर आम्ही दोघं उभे होतो. खाली स्टेशनात इगतपुरीकडे निघालेल्या गाडीला घाट चढवायला बँकर इंजिनं जोडली जात होती. त्यांची धडधड वरपर्यंत ऐकू येत होती. तेवढ्यात समोरच्या घळीतून भुंकणं आलं. एकच, कोरडं, घशातून फुटल्यासारखं. थोडं थांबून पुन्हा. नवख्या माणसाला पाड्यावरचं कुत्रं वाटलं असतं. बरोबरचे ठाकर बाबा हळूच म्हणाले, "भेकर बोललं. वाघ उतरलाय खाली." इकडे वाघ म्हणजे बिबट्या. अर्धा तास तो आवाज चालू होता. डोळ्यांना मात्र भेकरही दिसलं नाही आणि बिबट्याही.

या रानाची किंमत आपण डोळ्यांनी करतो आणि तिथेच चुकतो, असं मला त्या पहाटेपासून वाटत आलं आहे.

भेकर हे लहान चणीचं हरीण. खांद्याशी उंची दोन फुटांच्या आसपास, वजन वीस-पंचवीस किलो. नराची शिंगं आखूड, पण ती केसाळ हाडांच्या लांब खुंटांवर उगवतात, आणि त्या खुंटांच्या कडा खाली चेहऱ्यावर उतरून इंग्रजी व्हीसारखी खूण करतात. वरच्या जबड्यातून सुळे बाहेर येतात. नर आपसात भांडतात ते शिंगांपेक्षा या सुळ्यांनी. डोळ्यांखाली गंधग्रंथी असते. ती जमिनीला, झुडपाला घासून भेकर आपल्या हद्दीच्या खुणा करतं. कळप करत नाही. एकटं हिंडतं, फार तर मादीबरोबर पाडस. कोवळा पाला, अंकुर, गळालेली फळं, उंबरं, आवळे हा त्याचा आहार. चितळासारखं मोकळ्या माळावर चरत राहणं त्याला जमत नाही, कारण नुसत्या गवतावर त्याचं भागत नाही. त्याला निवडून खावं लागतं.

भेकर आणि भेकड हे शब्द कानाला सख्खे वाटतात. व्युत्पत्ती काही असो, या प्राण्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे. शिकारी आल्याची चाहूल लागली की ते गुपचूप पळून जात नाही, भुंकतं. म्हणजे स्वतःची जागा उघड करतं. हे भुंकणं शिकाऱ्यालाच उद्देशून असतं, असं अभ्यासकांचं मत आहे: तुला पाहिलंय, आता दबा धरून उपयोग नाही. आणि जिथे झाडी दाट, नजर पोचत नाही, तिथे भेकर जास्त वेळ भुंकतं. दाट जाळीत राहणाऱ्याने आपलं रक्षण आवाजावर सोपवलं आहे.

उजाडल्यावर बाबांनी मला एका करवंदीच्या जाळीपाशी नेलं. बाहेरून ती काट्यांची भिंत. बसून, जवळजवळ रांगत आत डोकावलं तेव्हा दिसलं: पाचोळा दाबून सपाट झालेली, परातीएवढी जागा. तिच्या कडेला आवळ्याच्या सात-आठ बिया, गर नाही, स्वच्छ, कुणी धुऊन ठेवल्यासारख्या. "इथं बसतं, रवंथ करतं, नि बी थुकतं," बाबा म्हणाले. हरणं आवळे गिळतात आणि टणक बी रवंथ करताना बाहेर टाकतात, हे अभ्यासातही नोंदलेलं आहे. बाबांना ते माहीत होतं कारण त्यांनी जाळीत डोकं घातलं होतं. आवळ्याचं झाड तिथून बरंच वर, धारेजवळ होतं.

मला तिथे ओकापी आठवला. आफ्रिकेत काँगोच्या इतुरी जंगलातला, जिराफाचा एकुलता जिवंत भाऊबंद. मागचे पाय झेब्र्यासारखे पट्टेदार, जीभ इतकी लांब की स्वतःचा कान चाटता येईल. तोही एकटा राहतो, तोही पालाखाऊ, आणि त्याचाही वैरी बिबट्याच. मोठं झाड कोसळून ऊन खाली उतरलं की तिथे जो खालचा पाला फुटतो, तो ओकापी आवडीने खातो. मादी पाडसाला झुडपात लपवून ठेवते. ते पाडस सुरुवातीचे कित्येक दिवस लेंड्याही टाकत नाही, शिकाऱ्याला वास लागू नये म्हणून. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी या प्राण्याला नाव दिलं ते 1901 साली. ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन यांच्या हाती आधी लागले ते फक्त कातड्याचे पट्टे, तिथल्या रहिवाशांकडून आलेले. तिथले म्बुटी लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते. गायीएवढं जनावर बाहेरच्या जगाच्या नजरेतून इतकी वर्षं सुटलं, ते त्या खालच्या झाडोऱ्यामुळे.

आणि नेमका हाच झाडोरा आपल्या हिशेबात नाही. देशातल्या जंगलाचा अहवाल 1987 पासून निघतो. त्यात रान मोजलं जातं ते वरून, उपग्रहातून, झाडांच्या छत्रीवर. छत्री 70 टक्क्यांवर गेली की अतिदाट, 40 ते 70 मध्यम, 10 ते 40 विरळ. दहाच्या खाली ते झुडपी रान, जंगलाच्या आकड्याबाहेर. सागाची रांगेत लावलेली लागवड वरून भरघोस दिसते. खाली भेकराला लपायला आडोसा नाही, चैत्रात पानही नाही. मी सागाच्या विरुद्ध नाही. छत्री म्हणजे जंगल, या समजुतीच्या विरुद्ध आहे.

इथून जवळच, खर्डीपासून तानसा अभयारण्य पसरलेलं आहे. 1892 साली तानसाचं धरण झालं आणि मुंबईच्या पाण्यासाठी त्याच्या पाणलोटातलं रान सांभाळलं गेलं. पाण्यासाठी राखलं म्हणून भेकरंही राहिली. पण पहिला वळीव जमिनीवर आदळण्याआधी अडवतो तो हाच खालचा थर, हे शहराला कोण सांगणार?

हा थर वणव्यात जळतो, आणि वणव्याचा दोष आदिवासींवर टाकून मोकळं होणं फार सोपं. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, हे खरं. कधी आग हाताबाहेर जाते, हेही खरं. पण महामार्गाकडेला फेकलेली विडी, पाड्यांभोवती वाढलेली मोकाट कुत्री, फासे यांचा हिशेब वेगळा आहे. खालच्या रानावर सगळ्यात जास्त जगतो तो पाड्यावरचा माणूसच. वैशाखात घाटाच्या वळणावर द्रोणातून करवंदं विकणाऱ्या बाया, पाऊस पडताच शेवळं आणि सोबत काकडं घेऊन बाजारात बसणाऱ्या आज्या, यांचं घर या जाळ्यांवर चालतं. जाळी राखण्यात भेकराचा आणि त्यांचा स्वार्थ एक आहे. रान राखण्याच्या योजना या बायांना विचारून आखायला हव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. कुठली जाळी जुनी आणि कुठली राखायला हवी, हे त्यांना नकाशाशिवाय माहीत आहे.

फाल्गुनात मी पुन्हा गेलो. उतारावर वणवा अडवण्यासाठी जाळरेषा घेतली होती. पट्टाभर जमीन काळी पडली होती, पायाखाली राख चरचरत होती. रेषा सरळ खाली येत होती आणि त्या करवंदीपाशी पाच-सहा हात वळसा घालून पुढे गेली होती. बाबा कोयता कमरेला लावून उभे होते. मी वाकून आत पाहिलं. बियांच्या शेजारी ताज्या लेंड्या होत्या.